सिल्विओच्या खोकल्याचे नियोजन

नायमेखनच्या डच विद्यापीठातून चित्रपटशास्त्र शिकलेल्या वल्लरीला तिथल्याच एका निधी-संस्थेने वास्तववादी चित्रपटासाठी अनुदान मंजूर केले. विषय होता ब्राझीलमधल्या शहरी गरीब वस्तीतले जीवन. चित्रपट पूर्ण झाला तर निधीच्या कार्यालयात नोकरी, आणि नोकरी मिळाली तरच या देशात मुक्काम. नाहीतर व्हिसा संपला की चंबूगबाळे आवरून परत ठाणे. तेवढ्यात महासाथ आली, विमाने बंद झाली आणि जिचे वास्तव टिपायचे ती वस्ती समुद्रापलीकडेच राहिली.

सुदैवाने रेनाटा होती. ती त्याच वस्तीत जन्मलेली, आणि वल्लरीची सहदिग्दर्शक. तिने आपल्या घरातले दिवस फोनवर टिपून पाठवले. फरशी लखलखीत पुसलेली, मुलगी गच्चीवर रेंज शोधत शाळा करते आहे, नवरा सिल्विओ भिंतीला पिवळा रंग देता देता शेजाऱ्याची नक्कल करतो आहे आणि घरदार हसून लोळते आहे. वल्लरीला ते इतके आवडले की तिने ते जसेच्या तसे निधीकडे धाडले. इथेच ती फसली.

निधीच्या अधिकारी हान्नेकेबाईंनी रीतसर वेळ ठरवून व्हिडिओ-बैठक घेतली.

"साहित्य सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण समितीला ते पुरेसे वास्तव वाटत नाही. यांच्याकडे फ्रिज आहे."

"पण तो खरंच आहे त्यांच्याकडे."

"असेल. खरे असणे आणि वास्तववादी असणे यांत आम्ही फरक करतो. शेवटी शेवटी नवरा खोकतो, तो भाग मात्र समितीला फार भावला. त्या खोकल्याचे पुढे काय नियोजन आहे?"

नियोजन काहीच नव्हते. पण आठवड्याभरात सिल्विओला खरोखरच लागण झाल्याचे कळले. वल्लरी रोज रेनाटाला फोन करू लागली. सुरुवातीला अगदी मनापासून, काळजीने. पुढे पुढे मात्र "आज ताप जरा कमी आहे" असे रेनाटा म्हणाली की वल्लरी हिरमुसायची, आणि त्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटायची. तिने देवही पाण्यात घातले. फक्त नेमके कशासाठी, हे देवाला सांगितले नाही. अखेर एका दुपारी रेनाटा फोनवर ओरडली, "बरा झाला! केक खातोय!" वल्लरी म्हणाली, "अभिनंदन," आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

निधीने सहानुभूती कळवली. संबंधित व्यक्तीने सहकार्य न केल्यास प्रसंगाची पुनर्निर्मिती करणे हा वास्तववादाचा मान्यताप्राप्त मार्ग आहे, असेही कळवले.

मग बुइटनव्हेल्डर्ट या उपनगरात राहणारे मराठी जोडपे, प्रकाश आणि मीनल, मदतीला धावून आले. प्रकाश एरवी बँकेत आयटीत, पण मराठी मंडळाचा दिवाळीतला किल्ला दरवर्षी तोच करायचा. यंदा किल्ला रद्द झाल्याने त्याचे हात शिवशिवत होते. त्याने हॉलमध्ये पोती आणि माती रचून वस्तीचा डोंगर उभा केला, नवेकोरे पत्रे चहाच्या पाण्याने गंजवले. सवयीने उतारावर अळीव पेरले, चार बुरूज काढले आणि माथ्यावर महाराजांच्या सिंहासनाची जागा सोडली. वल्लरीने तिथे निळी पाण्याची टाकी ठेवली. बुरूज तसेच राहिले. समितीने पुढे त्यांना 'वसाहतवादाचे अवशेष' म्हणून गौरवले.

अडचण आली ती गर्दीची. सरकारी नियमाने घरात एका वेळी एकच पाहुणा चालत होता, आणि तो पाहुणा म्हणजे वल्लरी. त्यामुळे वस्तीतली सगळी दाटीवाटी नवराबायकोलाच करावी लागली. शर्ट बदलून, ओढण्या बदलून, आणि मग सगळे तुकडे संगणकावर शेजारी शेजारी चिकटवून.

शेवटी सिल्विओच्या मृत्यूचे दृश्य आले.

"प्रकाश, पोट आत घे ना," मीनल कुजबुजली. "उपाशी आहेस तू."

"अगं, मेलोय ना मी? मेल्यावर कसलं पोट आत घेऊ?"

"मीनल, रडताना स्वयंपाकघराकडे नको बघूस," वल्लरी म्हणाली.

"एक शिट्टी राहिलीय गं कुकरची."

ती शिट्टी चित्रपटात राहिली. लोकांना ती रुग्णवाहिका वाटली.

चित्रपट ऑनलाइन प्रदर्शित झाला आणि चौकोनाचौकोनांतून माणसे डोळे पुसू लागली. नंतरच्या चर्चेला ब्राझीलहून रेनाटाही होती. श्रेयनामावलीत तिचे नाव 'स्थानिक सहकार्य' या मथळ्याखाली बारीक अक्षरांत आले होते. एका बाईंनी विचारले, "रेनाटा, एवढ्या दुःखातून तुम्ही कशा सावरलात?"

रेनाटा गोंधळली. तेवढ्यात तिच्या खांद्यामागून एक डोके वर आले. "नमस्कार! मी सिल्विओ! मी ठणठणीत..."

आवाज बंद करण्याचे बटण वल्लरीकडे होते. पडद्यावर सिल्विओ हात हलवत होता, छाती ठोकून दाखवत होता. वल्लरीच्या डोळ्यांसमोर ठाण्याचे तिकीट आले आणि तिने बटण दाबले. "तिकडे नेटवर्कची फार परवड आहे हो," ती हळव्या आवाजात म्हणाली. त्यावर काहीजण नव्याने रडले.

वल्लरी आता निधीच्या कार्यालयात आहे. रेनाटाने पाठवलेला स्वतःचा नवा चित्रपट वल्लरीच्याच टेबलावर आला होता. त्यात पुरेसे वास्तव नसल्याचे तिने खेदपूर्वक कळवले.

वाचकहो, तिला खुशाल नावे ठेवा. पण सिल्विओ बरा झाला तेव्हा, आता या गोष्टीत राहिले काय, असे क्षणभर तुम्हालाही वाटलेच होते.