पंचवीस नंबरचा पोर्ट

लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात 'संप-निवारण समन्वय कार्यालय' आहे. संप मिटला की हे कार्यालय बंद करायचं, अशी ते उघडताना अट होती. पण संप मिटल्याचं कुणी कधी कळवलंच नाही. गिरणी गेली, भोंगा गेला, चिमणीला खेटून काचेचा मॉल उभा राहिला. कार्यालय आपलं रोज साडेदहाला उघडतंय.

प्रमुख कमलाकांत धैर्यवान. गिरगावातलं जुनं घराणं, कडक इस्त्रीचा कोट, तोलूनमापून बोलणं. त्या सोमवारी वरच्या खात्यातून फोन आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमचं कार्यालय नेमकं काय करतं, ते आज पाचच्या आत मेलनं कळवा. उत्तर आलं नाही तर कार्यालय बंद."

"तोंडीच सांगतो ना..."

"तोंडी चालणार नाही."

कमलाकांतांना रडू यायचंच बाकी होतं. निवृत्ती अजून लांब, आणि दुसरं कुठलंही काम त्यांनी आयुष्यात केलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर हेही केलेलं नव्हतं.

उत्तर झटक्यात तयार झालं. त्यात 'समन्वय' भरपूर होता. पण मेल जाईना. कॉम्प्युटर सांभाळणारा चिंचपोकळीचा चंदू सर्व्हरसमोर उकिडवा बसला होता.

"साहेब, मेलची नवीन सर्व्हिस, मेल पाठवणारा प्रोग्राम हो, स्टार्टच होत नाय. कितीदा मारून बघितलं."

"हजर आहे ना ती?"

"हजर आहे, पण काम करायला नाय म्हणते."

कमलाकांतांचे डोळे चमकले. "अरे चंदू, मग हा संप आहे!"

बाई गं! इतक्या वर्षांत कार्यालयाला पहिल्यांदा खराखुरा संप मिळाला होता. कमलाकांतांच्या अंगावर काटाच आला. त्यांनी कोटाची बटणं लावली, शिपाईकाम करणाऱ्या पुतळाबाईंकडून नारळ आणवून घेतला आणि सर्व्हरसमोर उभं राहून जुन्या फाइलीतून खणखणीत आवाजात वाचलं, "आपल्या न्याय्य मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल."

सर्व्हरच्या बाजूनं टीं टीं असा आवाज आला.

"बघ! नरमला!"

"साहेब, ती बॅटरी उतरलीय," चंदू म्हणाला. मग स्क्रीनवर बोट ठेवून ओरडला, "सापडलं! पंचवीस नंबरचा पोर्ट कुणीतरी आधीच अडवलाय. म्हणून उठत नाय."

"पोर्ट? मग इतका वेळ काय झोपा काढत होतास? पुतळाबाई, तुमचे दीर शिवडी बंदरावर असतात ना?"

"साहेब, तो पोर्ट वेगळा, कॉम्प्युटरमधलं मेल जायचं दार..."

"चंदू, बंदरं आम्ही तुझ्या जन्माआधीपासून बघतोय. तू शिकवू नकोस."

पुतळाबाई सरकारी कामाच्या रुबाबात टॅक्सीनं शिवडीला गेल्या आणि पिशवीभर बोंबील घेऊन परतल्या. "सायेब, पंचवीस नंबर कुनाला म्हाईत नाय. पन दोन होड्या आडव्या लावल्या व्हत्या, त्या दिराला हलवायला लावल्या. आता समदं मोकलं हाय."

"शाब्बास! चंदू, मार स्टार्ट!"

चंदूनं मारला. ढिम्म.

शेवटी कपाळाला हात लावून त्यानं पोर्ट अडवणाऱ्याचा माग काढला. "साहेब, ही मेलची जुनी सर्व्हिस. नवीन आणली तेव्हा हिला बंद करायचं राहून गेलं. काम शून्य, पण जागा सोडत नाय. ही उठल्याशिवाय नवीन उभी राहणार नाय. उडवून टाकू?"

पुतळाबाई उगाच पिशवीतले बोंबील वरखाली करू लागल्या.

"शून्य म्हणजे... अगदीच शून्य?" कमलाकांतांनी हळूच विचारलं.

"कुणाचा मेल आला तर मिळाला म्हणून कळवते. बस्स."

"आणि पहिल्यापासून आहे?"

"पहिल्यापासून."

"मग ती कायम झाली." कमलाकांतांनी सर्व्हरवर हात ठेवला. "तिला आधी नोटीस, मग सुनावणी, मग फेरसुनावणी."

"अहो, पाच वाजत आले! ऑफिस बंद होईल!"

"होऊ दे. पण काम नसलेल्याच्या पोटावर पाय माझ्यानं देववणार नाही, चंदू."

पाच वाजले. कमलाकांतांनी टेबलावरून हात फिरवला. पुतळाबाई बोंबलांचे तीन वाटे करत असतानाच वरच्या खात्याचा फोन वाजला.

"धैर्यवान, अभिनंदन! पाचला दोन मिनिटं असताना आम्ही आठवणीचा मेल टाकला, तर तुमचं उत्तर त्याच क्षणी हजर! आणि किती नेमकं!"

"काय... काय लिहिलं होतं आम्ही?"

"'आपला मेल मिळाला. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.' इतकं समाधानकारक उत्तर दुसऱ्या कुणाचंच नाही. तुमची मुदत वाढवलीय."

जुनी सर्व्हिस आजही पंचवीस नंबरवर ठाण मांडून आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात. नवीन सर्व्हिस तिच्या निवृत्तीची वाट बघतेय.

कमलाकांतांना आता कशाचीच भीती वाटत नाही. तुंबलेल्या गटाराबद्दल परवा तुम्ही कुठंतरी मेल केला होता ना? लगेच उत्तर आलं, योग्य ती कार्यवाही सुरू आहे. ते वाचून "चला, दखल तरी घेतली," असं म्हणत तुम्ही चहा टाकायला उठलात. गटार तसंच आहे, पण तुम्ही पुन्हा विचारलेलं नाही. कमलाकांतांचं कार्यालय तुमच्याच भरवशावर चालू आहे.