तायडेकाकांचा चौथा उद्गार

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थना 'आमेन'ला संपत नाही, तायडेकाकांपाशी संपते. रविवारी सकाळी आम्ही सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतो, आमेन म्हणतो आणि तसेच उभे राहतो. कारण तिसऱ्या बाकावर एलिया तायडे डोळे मिटून, उजवा हात छातीवर ठेवून, तीच प्रार्थना पहिल्यापासून अरामी भाषेत म्हणत असतात. पाळकसाहेब मान खाली घालून घड्याळ बघतात. बायका पदर सावरतात. पंखा कुरकुरतो. एकदा नागपूरहून एक पाहुणे पाळक आले होते. त्यांना बिचाऱ्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आमेन म्हणून ते बसले, आणि बघतात तर सगळी मंडळी उभी! दचकून ते पुन्हा उठले, तेवढ्यात काकांचं संपलं आणि मंडळी बसली. पुढचा सबंध उपदेश त्यांनी आमच्याकडे संशयानं बघत केला.

"काका, देवाला मराठी कळत नाही का?" मी एकदा विचारलं.

"त्याले समदं कळते रे लेका," काका म्हणाले. "त्यानं काय म्हटलं, ते आपल्याले कळत नाही."

तर काकांचं म्हणणं असं. येशू घरीदारी अरामी बोलायचा. तो गेल्यावर ते बोलणं ग्रीकमध्ये लिहिलं गेलं, तिथून देशोदेशीच्या भाषांत गेलं आणि फिरत फिरत यवतमाळला पोचलं. एवढ्या प्रवासात माल तसाच राहील, हे काकांना पटणं शक्यच नव्हतं. उभा जन्म त्यांनी मालच तपासला होता. ते कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाडी लागली, की ते वरच्या कापसाकडे ढुंकून बघत नसत. कोपरापर्यंत हात खुपसून तळची मूठ काढायचे, चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांच्या नखांत धरून ओढायचे, तंतू उजेडात धरायचे आणि दर्जा पुकारायचे. वर पांढराशुभ्र आणि खाली कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, असा माल त्यांनी आयुष्यात कधी सोडला नाही.

रिटायर झाल्यावर तोच हात त्यांनी शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, घातला.

"खाली हात घाला, खाली!" हे त्यांचं पालुपद. पाळकसाहेबांचा उपदेश संपला की दारातच काका त्यांना गाठत. "साहेब, वरवरचा माल दाखवला तुमी. खाली हात घाला. ग्रीक म्हणजे जिनिंग हाय जिनिंग. रुई निघते झकास, पण सरकी गेली ना बाप्पा! पेरायचं काय मंग?"

पाळकसाहेब सज्जन माणूस. ते म्हणायचे, "बघतो," आणि स्कूटरला किक मारायचे.

अरामी शिकायची म्हणजे शिकवणारा हवा. काकांकडे होतं फक्त रद्दीत सापडलेलं एक इंग्रजी पुस्तक, त्यालाही शेवटची पानं नाहीत. त्यात म्हटलं होतं, की अरामी ही अरबीची जवळची नातलग आहे. झालं! दुसऱ्या दिवशी काका एसटीत बसून बोरी अरबला गेले. गावाच्या नावातच अरब आहे म्हटल्यावर चारदोन अरबी बोलणारे तरी निघतील, असा सरळ हिशेब. स्टँडजवळच्या गॅरेजात शिरून त्यांनी विचारलं, "भाऊ, इथं अरबी कोण बोलते?" गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकनं नुसतं डोकं बाहेर काढलं. "मामू, इधर तो सब वऱ्हाडीच बोलते. गाडी का कुछ है तो बोलो."

संध्याकाळच्या गाडीनं काका परत आले. गुरू मात्र त्यांना घराजवळच सापडला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्माईलभाईंचं सायकल-मोपेडचं दुकान होतं. इस्माईलभाई लहानपणी मदरशात शिकलेले, अरबी वाचायचे. तेव्हापासून रोज दुपारी पंक्चरच्या घमेल्याशेजारी दोन स्टुलांवर हे दोघे विद्वान बसलेले दिसू लागले. काका पुस्तकातला शब्द म्हणणार, इस्माईलभाई त्याचा अरबी भाऊबंद शोधणार. 'श्लामा' म्हणजे सलाम, हे जुळलं त्या दिवशी दोघांनी चहा मागवला. आणि एकदा काकांनी मोठ्या गांभीर्यानं सांगितलं, की येशू देवाला 'अब्बा' म्हणायचा, आणि हा फार खोल शब्द आहे. इस्माईलभाई हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "तायडेसाब, इसमें खोल क्या है? मेरे घर में चार जने दिनभर यही चिल्लाते."

काका दोन दिवस दुकानावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, आणि मला म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. घरात ओरडायचाच शब्द हाय तो."

ती कापसाची वाईट वर्षं होती. परगावचा माणूस यवतमाळचं नाव ऐकलं की आवाज उतरवून बोलायचा. गावात जो तो अळीचं, भावाचं आणि पावसाचं बोले, आणि आमचे काका मात्र दोन हजार वर्षांपूर्वीच्या बोलीत हात घालून बसलेले. लोक हसायचे. मीही हसायचो. खरं सांगायचं तर मी सगळ्यांत जास्त हसायचो, कारण मी मंडळीचा सेक्रेटरी, आणि काकांचा खरा हट्ट दरवर्षी माझ्याच टेबलावर येऊन पडायचा.

तो हट्ट समजायला आमची एक रीत सांगायला हवी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमची उपासना दुपारी बारा ते तीन चालते. येशू क्रूसावर असताना सात वेळा बोलला. हे सात उद्गार सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकानं आपल्या उद्गारावर बोलायचं. वाटप सेक्रेटरी करतो. लग्नात मानपान सांभाळणं सोपं, असं हे काम. पहिला उद्गार क्षमेचा, तो पाळकसाहेबांचा. तिसरा आईसाठीचा, तो महिला मंडळाचा. सहावा, 'पूर्ण झालं' हा, आमच्यातले एक बांधकाम ठेकेदार हक्कानं घेत, आणि त्यांचं एकही काम कधी पूर्ण न झालेले लोक समोर बसून ऐकत. तायडेकाकांना मी दरवर्षी पाचवा द्यायचो. पाचवा तहानेचा. एवढासा उद्गार, आणि चैत्राच्या दुपारी यवतमाळात तहान कोणाला समजावून सांगावी लागत नाही. काका पटकन आटोपतील, एवढाच माझा कावा.

काकांना हवा होता चौथा. 'एली, एली, लमा सबखथनी.' देवाला उद्देशून, तू मला का सोडलंस, असं विचारणारा. मराठी बायबलातही हे शब्द अरामी बोलीत आहेत तसेच छापलेले असतात, आणि काकांच्या मते नेमका इथेच घोटाळा झाला होता.

"हा प्रश्नच नाही," ते माझ्या टेबलावर मूठ आपटत. "लेकरू बापावर असा आळ घेईल काय? त्याच्या बोलीत ते समाधानाचं वाक्य हाय. 'देवा, याच्यासाठीच तू मले राखून ठेवलं होतं.' असं हाय ते! एकदा मले चौथा दे सुधीर, समद्या मंडळीले दाखवून देतो. तक्रार नाहीच तिथं!"

बारा वर्षं ते मागत होते आणि बारा वर्षं मी टाळत होतो, कारण चौथ्यावर आमच्या रिटायर हेडमास्तरांची मालकी होती. त्या वर्षी मात्र हेडमास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले. मी पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात मिनिटं. आठवं नाही."

काकांना सांगितलं. मग तीन आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. इस्माईलभाईंच्या दुकानात तालमी. गिऱ्हाईक मोपेड घेऊन उभं, आणि इस्माईलभाई घड्याळ लावून ऐकताहेत. "नौ मिनट, तायडेसाब. दो मिनट और काटो."

आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, काका आणि मी चर्चमध्ये जादा गर्दीसाठी सतरंज्या काढत होतो. झाडलोटीला सुशीला होती. सुशीलाचा नवरा गावाबाहेरच्या जिनिंग कारखान्यात सरकी काढायच्या मशीनवर होता. त्या वर्षांत जिनिंग बंद पडली. महिन्याभरात बोलावून घेतो असं सांगून तो सुरतेला गेला. आधी फोन यायचे, मग थांबले, मग त्यानं तिकडे दुसरं घर मांडल्याचं कानावर आलं. हे सगळं मंडळीला माहीत होतं. आणखी एक गोष्ट माहीत होती. मागच्या आठवड्यात महिला मंडळाच्या प्रार्थनेत सुशीलानं मोठ्यानं देवाला विचारलं होतं, "मी काय केलं होतं? मले काहून टाकलं?" अध्यक्षाबाईंनी तिथल्या तिथे तिला गप्प केलं. देवाला जाब विचारणं पाप आहे म्हणाल्या.

सुशीला केरसुणी भिंतीला टेकवून आमच्यापाशी आली.

"सेक्रेटरीभाऊ, रविवारी प्रभुभोजनाच्या यादीत माह्यं नाव धरू नका. झाडझूड करतो मी, तेवढं राहू द्या."

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेणं, आणि त्याची यादी माझ्याकडे असायची. "काहून वं?" काकांनी विचारलं.

"माह्या मनातून ते जाऊन नाही राह्यलं, काका. उठली की तेच. मले काहून टाकलं, मले काहून टाकलं. तोंडानं नाही म्हणत आता, पण आत चालूच हाय. असल्या बाईनं त्याची भाकर कशी घ्यावी?"

काकांचा चेहरा उजळला. बारा वर्षांनी त्यांना श्रोता मिळाला होता आणि तोही गरजू! सतरंजीवर मांडी घालून त्यांनी तिला सगळं समजावलं. फार प्रेमानं समजावलं. त्यानं विचारलंच नव्हतं, बाई. लोकांनी चुकीचं ऐकलं. त्या बोलीत ते समाधान हाय. इतक्या हालात, इतक्या एकटेपणात त्याच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघाला नाही.

सुशीलानं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली.

"म्हणजे विचारणारी मी एकटीच हाय तर," ती म्हणाली, आणि केरसुणी घेऊन मागच्या खोलीत गेली.

काका मांडी घालून तसेच बसले. मी त्यांना वळसा घालून दुसरी सतरंजी उलगडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

शुक्रवारी उन्हाचा कडाका. कुलर दारात लावलेला, त्याचा वारा पहिल्या दोन रांगांपुरता. सुशीला सगळ्यांत मागे, पाण्याच्या माठाजवळ बसली होती. तिसरा उद्गार संपला, गीत झालं, आणि तायडेकाका उठले. हातात कागदांची गुंडाळी. पाळकसाहेबांनी मनगट वर केलं. मी मागे टेकून बसलो, आता गंमत बघायची म्हणून.

काकांनी कागद उलगडले नाहीत. ते वाक्य त्यांनी अरामीत म्हटलं, एकदाच, हळू. मग मराठीत बोलले.

"त्यानं विचारलं. मोठ्यानं विचारलं, समद्या लोकांसमोर विचारलं. देवाच्या लेकरानं देवाले विचारलं, मले काहून सोडलं. याच्यात दुसरा काही अर्थ नाही. कोणी सांगितला तर ऐकू नका."

आणि ते खाली बसले.

एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. पेटीवाल्याला वाटलं काका दम खाताहेत. पाळकसाहेब घड्याळ कानाला लावून बघू लागले. पाचव्या उद्गाराचा माणूस बाहेर तोंड धुवायला गेलेला. सहा मिनिटं चर्चमध्ये नुसता कुलर घरघरत राहिला. मी एकदा मागे वळून बघितलं. सुशीला रडत होती, आणि डोळे पुसायच्या भानगडीत पडली नव्हती.

तीन वाजता उपासना आटोपली. लोक बाहेर पडले. आम्ही सतरंज्या गोळा करायला लागलो. माझी जीभ कुठली गप्प बसते!

"काय काका, बारा वर्षांचा अभ्यास एका रात्रीत फिरला?"

"फिरला कशाचा? अर्थ माह्याच बरोबर हाय," काका फणकारले. "इस्माईलले इचार." मग सतरंजीचं टोक हातात तसंच धरून म्हणाले, "पण ते पोरगी एकटी पडून राह्यली होती ना."

मी सतरंजीचं दुसरं टोक उचललं. काकाच पुढे बोलले, माझ्याकडे न बघता.

"तुह्यी काकू गेली, तवा मी बी विचारलं होतं. इथंच, या खांबापाशी. तवाचे पाळक म्हणे, तायडे, असं बोलू नये, येशूच्या माणसाले शोभत नाही. मंग मी घरी गेलो अन् ते अरामीचं पुस्तक घेऊन बसलो."

एवढंच. मी इतकी वर्षं माझ्या टेबलावर आपटलेल्या त्यांच्या मुठीला हसलो होतो, आणि काकू कधी गेल्या याचा हिशेब मात्र मी कधी केला नव्हता.

तेवढ्यात किल्ली मागायला सुशीला आली. किल्ली घेऊनही उभीच राहिली.

"काका, ते त्याच्या बोलीत कसं म्हंते? पुस्तकात हाय ते माहीत हाय मले. पण नीट कसं म्हंते?"

काकांनी सतरंजी खाली ठेवली. एकेक शब्द सुटा करून सांगितला. ती त्यांच्यामागून म्हणाली. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा जमलं, पण आवाज पदराआडून आल्यासारखा.

"जोरात म्हण, सुशीला," काका म्हणाले. "हे हळू म्हणायचं नसते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि म्हटलं. रिकाम्या चर्चमध्ये ते असं घुमलं, की बाहेर फाटकाजवळ पोचलेली माणसं थांबली. पाळकसाहेब स्कूटरवर बसलेले, त्यांनी मान वळवली. अध्यक्षाबाईही होत्या. या वेळी तिला कोणी गप्प केलं नाही.

रविवारी प्रभुभोजनाच्या यादीत मी तिचं नाव लिहिलं. तिनं ते खोडायला सांगितलं नाही.