मारोतराव आणि एक गळका एल्बो

लोखंडाचा मुका घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सेलूच्या बाहेर, वालूरच्या रस्त्यावर आमची जिनिंग फॅक्टरी होती. तिथे मी कारकून आणि मारोतराव स्टोअरकीपर. पाइपाला वळण द्यायला जो लोखंडी कोपरा बसवतात, तो एल्बो. मारोतराव एल्बोचं एक तोंड तळहाताने दाबत, दुसऱ्याला ओठ लावत आणि गाल फुटेस्तोवर फुंकत. बाहेरून साबणाचं पाणी फासलेलं असे. कुठे बारीकसा फुगा दिसला की "पास न्हाई!" असं ओरडून त्याच्यावर लाल रंगाची फुली मारत आणि तो भंगारात भिरकावत.

हा शब्द त्यांनी स्टोअरपुरता ठेवला असता तर काही बिघडत नव्हतं. पण आमच्या कँटीनचा चहा पास न्हाई, कलेक्टरचं भाषण पास न्हाई. सोनपेठला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या पाठीवर थाप मारली, कान देऊन ऐकलं आणि "आवाज पोकळ यायलाय" असा निकाल मुलीच्या बापाला सांगितला. स्वतःचं लग्न न झालेल्या माणसाला असे निकाल द्यायचा अधिकार आपोआप मिळतो.

मग शेटजींनी रुईच्या गाठींसाठी नवं गोदाम बांधलं. विम्याचा साहेब म्हणाला, छताला फवारे बसवा. आग लागली की उष्णतेने तोंडं उघडतात आणि आपोआप पाणी पडतं. मुंबईचा ठेकेदार विलायती सामानाशिवाय बोलेना, आणि विलायती सामानाला सरकारी परवाना मिळेना. शेवटी देशी माल घ्यायचं ठरलं, आणि मारोतरावांचं नशीब उघडलं.

"देशीच घ्या शेटजी," ते म्हणाले. "पण खानदान बघून घ्या. ते काम माझ्याकडं."

ते कधीकाळी पूर्णेच्या लोकोशेडात होते. तिथली सगळी इंजिनं जणू त्यांच्याच मांडीवर वाढली होती. दोन महिने ते फुंकत राहिले. भंगाराचा ढीग छताला चढलेल्या मालापेक्षा मोठा झाला.

त्याच साली पावसाने पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्या भिंतीमागच्या वस्तीचा आड कोरडा पडला. पाणी उरलं ते फक्त शेटजींच्या विहिरीला, आणि तिला कुलूप होतं. फवाऱ्यांची टाकी सदा भरलेली पाहिजे, असा विम्याचा नियम. म्हणजे माणसं तहानलेली आणि न लागलेल्या आगीसाठी पाणी राखून ठेवलेलं. शेटजींचं मन मोठं दयाळू. गाठी त्यांच्या स्वतःच्या होत्या, हा आपला योगायोग.

फवाऱ्यांच्या पाइपांत पाणी सोडलं. गोदामात एक थेंब गळेना. पण विहिरीकडून येणारा पाइप भिंतीबाहेर जिथे वळतो, तिथला एकच एल्बो गळायला लागला. करंगळीएवढी धार. खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून येणाऱ्या बाया त्याखाली घागरी लावू लागल्या.

शेटजी तापले. "मारोतराव, लोकोशेडात हेच शिकलात का?"

"बदलतो की," मारोतराव म्हणाले. "पण बदली माल पास झाला पाह्यजे."

आणि तो माल काही केल्या पास होईना. जालंधरहून पार्सलने एल्बो आला. मारोतरावांनी फुंकला आणि म्हणाले, "दमा हाय ह्याला." फुली. राजकोटचा आला. "दिसायला देखणा, आतून खंगल्याला." फुली. कोल्हापूरचा आला. "माजोरी हाय. आटे धरायचा न्हाई." फुली. मला एकावरही फुगा दिसला नाही, पण मारोतरावांना दिसला म्हणजे दिसला. ज्या देशात धरणं होत होती आणि रेल्वेची इंजिनं घडत होती, त्या अख्ख्या देशाला सेलूच्या मारोतरावांसाठी एक धड एल्बो ओतता येईना.

फॅक्टरीत त्यांचं नाव पडलं, गळके मिस्तरी. पहारेकरीसुद्धा तसंच हाक मारी. एका थेंबासाठी ज्याने आयुष्यभर लोकांची अब्रू काढली, त्याच्या हातचीच धार रस्त्यावर वाहत होती. मारोतरावांनी कँटीनमध्ये जाणं सोडलं. दुपारी भाकरीचं फडकं घेऊन ते भिंतीमागे जाऊन बसत. एल्बोवर नजर ठेवायला, असं म्हणत.

बायांचा तिथे बाजार भरे. त्यांतली सुंदराबाई तोंडाळ. ती ओरडे, "मामा, धार लय बारीक यायलीय की ओ!"

मारोतराव तोंड वाकडं करून उठत आणि पाना लावून एल्बो आवळत. धार लगेच मोठी होई. देशी आट्यांचा हा उलटा गुण, असं ते मला गंभीरपणे समजावत.

उन्हाळा संपत आला तेव्हा विम्याचा साहेब येणार असं कळलं. शेटजींनी भर अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब यायच्या आत एल्बो बदला, नाहीतर चाव्या ठेवा आणि घरी बसा."

लोक हसले. मारोतरावांची मान खाली गेली. "आठ दिस थांबा शेटजी," ते म्हणाले. "माल वाटंत हाय."

कुठल्या गावाहून, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या साली मृगाने इमान राखलं. ओढा वाहिला, वस्तीच्या आडाला पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मारोतराव पाना घेऊन गेले आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात एल्बो बदलून मोकळे झाले. एक थेंब गळेना.

मी बघायला गेलो. नव्या एल्बोवर लाल फुली होती. तो जालंधरचा दमेकरी होता. काढलेला एल्बो त्यांच्या पायाशी पडला होता. मी उचलून पाहिला. गंजाखाली त्याच्यावरही फुली होती, जुनी, बसवायच्या आधीची.

"मारोतराव, दोन्ही नापासच?"

"पास करणारा मी हाय का तुमी?" त्यांनी एल्बो माझ्या हातून ओढून घेतला.

शेटजी म्हणाले, उशिरा का होईना, शिकले. साहेब आला, पाहून गेला. गळके मिस्तरी हे नाव मात्र राहिलं. एका वाक्याने ते पुसता आलं असतं. ते वाक्य मारोतरावांनी कधी उच्चारलं नाही, आणि त्यांचं पाहून मीही गप्प बसलो.

चारेक दिवसांनी दुपारी ते पुन्हा भिंतीमागे दिसले. चिखलात घागरींनी पाडलेले गोल खळगे आता वाळत आले होते. चिटपाखरू नव्हतं.

"आता गळत नाही, मग कशाला बसता?" मी विचारलं.

"लय कालवा करायच्या बाया. डोकं उठायचं." त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "घरी तरी कोण हाय बोलायला?"

मला एकदम फार वाईट वाटलं. तेवढ्यात वस्तीकडून सुंदराबाई आली. कडेवर कळशी, हातात तांब्या.

"मामा, आमच्या आडाचं पाणी हाय. आधी तुमी प्या, मग बाकीचे."

मारोतरावांनी तांब्या घेतला. नेहमीच्या सवयीने टिचकी मारून आवाज ऐकला. मग घटाघटा प्यायले आणि तोंड पुसायच्या निमित्ताने उपरणं डोळ्यांवर बराच वेळ धरून ठेवलं.

"पास," ते म्हणाले.

पुढचा 'न्हाई' येईल म्हणून मी थांबलो. तो आला नाही.