केटीची स्कॉलरशिप आणि मेश्रामकाकांची तर्री

इकडे परदेशात, व्हिटबी गावातले माझे शेजारी मेश्रामकाका माणसाचे कान बघून तो जेवला आहे की नाही ते ओळखतात. निदान त्यांचा तसा दावा आहे. पहिल्या भेटीत मी दारातला बर्फ फावड्यानं उपसत होतो. त्यांनी नाव विचारलं नाही. कान पाहिले आणि म्हणाले, "उपाशी दिसता. चला." मी नुकताच जेवलो होतो, पण हे सांगेपर्यंत पुढ्यात भाकरी आली होती.

त्यांच्या बेसमेंटमध्ये केटी भाड्यानं राहायची. सहा फूट उंच, कॉलेजच्या टीममध्ये नाव वल्हवणारी. स्कॉलरशिपमुळे फी माफ होती. पोट मात्र तिचं तिनं बघायचं. ती नूडल्सवर दिवस काढायची. वेग घसरला, तेव्हा कोचनं बजावलं, असंच चाललं तर पुढच्या वर्षी स्कॉलरशिप विसर.

"कॉलेजवाले फी देऊन राहिले न् जेवण नाही?" काका म्हणाले. "गाडी घेतली, डिझेल विसरले." काका रिटायर्ड इंजिनिअर आहेत, घरात एकटेच राहतात. त्याच दिवशी त्यांनी केटीला आपल्या टेबलावर बसवलं. नागपुरी तर्रीनं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काका, आय कान्ट फील माय टंग."

"जिभेनं कुठं वल्हवायचं आहे?"

महिन्याभरात नाव पळू लागली. आता सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर कुणाला तरी नियम आठवला. कोच काकांच्या घरी आले. केवळ खेळाडू आहे म्हणून बाहेरच्या कुणी फुकट जेवू घातलं तर ते नियमाबाहेरचं बक्षीस ठरतं. स्कॉलरशिप जाऊ शकते. संस्थेला उपाशी खेळाडू चालतो, परवानगीशिवाय जेवलेला चालत नाही.

"तुम्ही फक्त खेळाडूंनाच जेवू घालता?" कोचनं विचारलं.

काकांनी मला हाक मारून बोलावलं आणि कोचपुढे उभं केलं. "हे रोज जेवायला येतात. कोणता खेळ खेळत असतील, सांगा."

मी आडवा वळून उभा राहिलो. इतकी वर्षं जपलेलं पोट प्रथमच कुणाच्या तरी कामी येत होतं. कोचनं ते नीट पाहिलं. तेवढ्यात काकांनी कोचचे कान पाहिले आणि ताट वाढलं. कोचनं दोनदा रस्सा मागून घेतला. प्रकरण तिथंच मिटलं.

केटीची स्कॉलरशिप टिकली. पुढच्या टर्मला टीममधल्या मुलींनी तळ्याजवळ घर भाड्यानं घेतलं आणि तिला बोलावलं. "जा, सरावाला जवळ पडते," काका म्हणाले, आणि तिची खोकी स्वतः गाडीत ठेवून आले.

आठवड्यानं ते माझ्याकडे आले. "बेसमेंट रिकामं आहे. कोणी असला तर सांगा."

"खेळाडूच पाहिजे का?"

"छे, कोणीही चालते." ते जायला वळले, मग दारात थांबले. "फक्त संध्याकाळी घरी येणारा पाहा."