काढता-घालता येणारा रॅक

"निघतो ना पण?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फिटरने हातातली कानस खाली ठेवली आणि चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे मास्तरांना बाराखडी येते का विचारण्यासारखं होतं.

"एका हाताने निघेल," तो म्हणाला. "चार पिना ओढायच्या, रॅक उचलायचा, भिंतीला टेकवायचा. तू चहा टाकून येईस्तोवर ट्रेलर मोकळा."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. एवढी चांगली बातमी ऐकूनही तिचा चेहरा काही खुलला नाही. फिटर तोवर पुन्हा कामाला लागला होता, आणि कानस हातात असताना बायकोचा चेहरा वाचायची त्याला सवय नव्हती.

हा सगळा खटाटोप एका तंबूपायी चालला होता. फिटर निवृत्त झाला तेव्हा मुलीने तो भेट म्हणून पाठवला. गाडीच्या टपावर बसवायचा, कडी सोडली की आपोआप उघडणारा, आत गादी, बाजूला शिडी. "मी जमिनीवर झोपले तर सकाळी उठवायला बाबांच्या कारखान्यातली क्रेन आणावी लागेल," असं आई एकदा फोनवर म्हणाली होती, ते लेकीने लक्षात ठेवलं होतं. बायकोचे गुडघे खाली बसू देत नसत, शिडी मात्र ती चढायची. अडचण एकच होती. त्यांच्या म्हाताऱ्या गाडीच्या टपावर कावळा बसला तरी खड्डा पडेल अशी स्थिती. तेव्हा गाडीमागच्या छोट्या ट्रेलरवर रॅक उभारायचा आणि तंबू त्यावर बसवायचा असं ठरलं.

ट्रेलर होता बायकोचा. घरामागे तिची रोपवाटिका, आणि आठवडाभर तो रोपं, माती नि खत वाहायचा. म्हणून रॅक काढता-घालता येणारा हवा, हे फिटरनेच ठरवलं. शनिवारी लावायचा, रविवारी काढायचा. येत्या सोमवारी तर चाळीस उंच रोपं शाळेत पोचवायची होती. दोन वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपलेली रोपं, आणि आजवरची सगळ्यात मोठी मागणी.

आणि त्याआधीचा शनिवार तळ्याचा होता. तळ्याकाठी एक मुक्काम करू, हा शब्द फिटरने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी दिला होता. पण कारखान्यातली यंत्रं नेमकी शनिवारी आजारी पडायची आणि फिटर म्हणायचा, "पुढच्या महिन्यात नक्की." तो खोटं बोलत नसे. त्याला दर वेळी खरंच तसं वाटायचं, आणि ती दर वेळी बांधलेली पिशवी सोडायची. यंदा मात्र त्याने मनाशी गाठ मारली होती.

निवृत्तीनंतरचे आठ महिने रॅकमध्ये गेले. त्यातले पाच नुसती चित्रं काढण्यात. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार पोकळ चौकोनी नळ्या जोडायच्या आणि रॅकचे चार पाय त्यांत सोडून आरपार पिना लावायच्या, एवढीच गोष्ट. पण खडखड हा शब्द फिटरला शिवीसारखा वाटे. म्हणून तो रोज पाय घासायचा, नळीत घालून पाहायचा, पुन्हा घासायचा. शेजारचा शिंपी हे कुंपणावरून पाहत असे.

"फिटर, थोडी माया ठेवा की," तो म्हणाला. "कपड्याला शिवणीत ठेवतो तशी."

"लोखंडाला माया नसते, शिंपीबुवा. केसाएवढी फट राहिली तर तळ्यापर्यंत खडखडत जाईल."

गुरुवारी दुपारी फिटर बाजारातून पिना घेऊन आला आणि संध्याकाळी शिंप्याला दुसरं टोक धरायला लावून त्याने रॅक नळ्यांत सोडला. जरा घट्टच गेला. फिटरने लाकडी ठोकळा ठेवून चार ठोके दिले, पाय खाली बसले, आणि त्याने रॅक धरून गदागदा हलवला. काडीचाही आवाज आला नाही. वर तंबू बसवून तो पाच मिनिटं ट्रेलरभोवती हात मागे बांधून फिरला. बायकोने खिडकीतून विचारलं, "बसला का?" तो म्हणाला, "बसला." त्या रात्री तो लवकर आणि सुखाने झोपला.

शुक्रवारी सकाळी चाचणी. फिटरने पिना ओढल्या, एका हाताने रॅक उचलला. मग दोन हातांनी उचलला. मग ट्रेलरमध्ये उभं राहून खांद्याने उचलला. रॅक तसूभर हलला नाही. त्याने खालून एका पायावर हातोडा घातला तेव्हा नळीच्या तोंडाशी एक हिरवी खपली उडाली. फिटरने ती नखाने उचलली. रोपवाटिकेतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला बायको जो हिरवा रंग फासायची, तोच.

क्षणात सगळा उलगडा झाला. आपण बाजारात असताना हिने नळ्यांना आतून रंग दिला. गंज धरू नये म्हणून, बिचारी. कुंड्यांवर आकडे घालायचा बारीक ब्रश आत घालून, गुडघे दुखत असताना वाकून दिला असेल. जिथे केसाला जागा नव्हती तिथे रंग गेला आणि रात्रीत वाळून घट्ट झाला. फिटरला राग यायला हवा होता, पण आला तो उमाळाच. त्याने खपली खिशात टाकली आणि हे तिला कधीच कळू द्यायचं नाही असं ठरवलं.

"निघतोय ना?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"निघतोय. जरा लाजतोय पहिल्यांदा."

ती रोपांना पाणी घालायला मागे गेली, आणि फिटरने शिंप्याला हाक मारली. त्यांनी तेल सोडलं. उकळतं पाणी ओतलं, त्यातलं निम्मं शिंप्याच्या चपलेवर पडलं. मग फिटरने गाडीचा जॅक आणून ट्रेलरचा तळ आणि रॅकचा आडवा दांडा यांच्यामध्ये लावला आणि फिरवायला सुरुवात केली. कड्कन आवाज झाला. शिंपी आनंदाने म्हणाला, "निघाला." निघाली होती ती ट्रेलरच्या तळाची फळी. ती बदलण्यात तासभर गेला.

"आता वरून ओढायचा," फिटर म्हणाला. त्याने अंगणातल्या झाडाच्या जाड फांदीला साखळीची कप्पी अडकवली, ट्रेलर तिच्याखाली आणला आणि रॅकच्या चार कोपऱ्यांना दोर बांधले. "रॅक वर जाईल, ट्रेलर खाली राहील. फक्त ट्रेलरमध्ये वजन हवं."

दोघांनी वजनासाठी इकडेतिकडे पाहिलं. मग फिटरने शिंप्याकडे पाहिलं.

"मी पंचावन्न किलो आहे," शिंपी म्हणाला.

"पुरे."

शिंपी ट्रेलरमध्ये मांडी घालून बसला. फिटरने साखळी ओढली. दोर ताणले गेले, फांदी करकरली, आणि रॅक वर जाऊ लागला. फिटरच्या तोंडावर हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की ट्रेलरची चाकंही वर चालली आहेत, आणि शिंपीही.

"फिटर, मी हललो की काय?"

"हलू नका."

"मी नाही हलत. मला हलवतंय."

एवढ्यात ताणलेल्या दोराने तंबूची कडी दाबली गेली. खट् आवाज झाला आणि तंबू ऐटीत उघडला. खिडक्या उघडल्या, शिडी सुटून खाली लोंबली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. अंगणातल्या झाडाला जमिनीपासून हातभर उंचीवर लटकलेला एक ट्रेलर, त्यात मांडी घातलेला शिंपी आणि डोक्यावर उघडा तंबू, असा सगळा संसार हळूहळू गोल फिरत होता. आणि नेमकी त्याच वेळी बायको पाण्याची झारी घेऊन पुढे आली.

"भाऊजी, तुम्ही निघालात का आमच्याआधी?" तिने विचारलं.

"मी वजन आहे, वहिनी," शिंपी म्हणाला.

फिटरने साखळी सोडली. ट्रेलर जमिनीवर टेकला. शिंपी उतरला, दोन पावलं तिरका चालला, आणि धोतराला टीप घालायची राहिली आहे असं काहीतरी पुटपुटत घरी गेला. फिटर मात्र आत गेला आणि लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन आला. त्याने लांब वायर जोडली, चष्मा पुसला, आणि रॅकच्या पहिल्या पायावर खडूने रेघ ओढली.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"कापतो. नळ्यांवरून चारही पाय उडवले की ट्रेलर मोकळा. तुझी रोपं सोमवारी पोचली पाहिजेत." त्याने दुसऱ्या पायावर रेघ ओढली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "चूक माझीच. ढिलाई ठेवायला हवी होती. नवीन पाय करायला थोडे दिवस लागतील. तळं आपण... पुढच्या महिन्यात नक्की."

हे शब्द तोंडातून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. हातातला खडू तसाच राहिला. बायकोने झारी खाली ठेवली, पुढे होऊन ग्राइंडरची वायर भिंतीतून काढली आणि हाताला गुंडाळायला लागली.

"कापू नका," ती म्हणाली. "सोमवारी शाळेची गाडी येणार आहे रोपं न्यायला. मंगळवारीच ठरवलंय मी."

"मंगळवारी? मग रॅक काढायची घाई कुणाला होती?"

"तुम्हाला. मी एकदाही म्हटलं नाही, काढा म्हणून. निघतो ना, एवढंच विचारत होते."

फिटरने खिशातून हिरवी खपली काढून तिच्यापुढे धरली. ती पाहून बायको लाजली, लग्नात लाजली असेल तेवढी.

"मला वाटलं, गंजू नये म्हणून दिलास," तो म्हणाला.

"तुमच्या कामाला कुठला गंज येतोय?" ती वायर गुंडाळत राहिली. "अहो, या घरात काढता येण्यासारखं जे जे आलं, ते तुम्ही काढून माळ्यावर ठेवलंत. बॅडमिंटनची जाळी, झोपाळा, सायकलमागची माझी सीट. एकदा वापरायचं, पुसायचं, कागदात बांधायचं. हाही एकदा तळ्यावर गेला असता आणि वर गेला असता. मला एकदाच नव्हतं जायचं हो. एवढी वर्षं वाट पाहिली ती काय एका शनिवारसाठी?"

फिटरने हातातली खपली उजेडात धरून तिची जाडी नखाने चाचपली. त्याला कारखान्यातले शब्द येत होते, तेच त्याने वापरले.

"किती हात दिलेस?"

"तीन."

"तीन हातांनी धरतं, हे तुला कुणी सांगितलं?"

"छत्तीस वर्षं जेवताना दुसरं ऐकलंय काय मी?" ती म्हणाली. "आणि रोपं माझी उभी नेता येतील, रॅकच्या खाली हवी तेवढी जागा आहे. मोजलीय. आता चला, दोर सोडा. मी पिशवी भरते."

ती आत गेली. फिटरने एकेक दोर सोडला, तंबू मिटला, कडी लावली. मग खडूच्या रेघा पुसायला तो मागच्या कोपऱ्याशी वाकला आणि थबकला. त्या कोपऱ्यातला पाय नळीतून चांगला दोन बोटं वर आला होता. पलीकडचाही. कप्पीने काम केलं होतं. आणखी एकदा साखळी ओढली असती, तर रॅक निघाला असता, अगदी एका हाताने.

फिटरने घराकडे पाहिलं. आत कपाटाचं दार उघडलं, आणि बायको स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. त्याने इकडेतिकडे पाहून लाकडी ठोकळा उचलला, पायावर ठेवला आणि हातोड्याने दोन्ही पाय पुन्हा तळापर्यंत ठोकून बसवले.

"काय ठोकताय?" आतून आवाज आला.

"काही नाही," फिटर म्हणाला. "निघत नाही म्हटलं हा."