निरोप वाटेत आहे

"आला का गं निरोप?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मघाशीही नव्हता आला."

"आई, आला की मी ओरडेनच ना!"

"ते तू निरोप न येताही करतेयस," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुसत बाहेर आल्या.

चिमीची आई खिडकीत उभी होती. साडेतीन वर्षांची चिमी आज पहिल्यांदाच शाळेच्या व्हॅनमधून एकटी गेली होती. व्हॅनचं जमलं, तर चिमीची आई सोमवारपासून तिच्या जुन्या नोकरीवर परत जाणार होती. साहेबांना आजच हो किंवा नाही कळवायचं होतं. "हो" तिने फोनवर लिहूनही ठेवलं होतं. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. चिमी सुखरूप पोहोचल्याचं कळल्याशिवाय तिचं बोट तिकडे वळत नव्हतं.

शाळा टेकडीपलीकडे होती आणि तिथे मोबाइलला रेंज नव्हती. त्यावर चिमीच्या बाबांच्या ऑफिसने एक तोडगा काढला होता. शहरातल्या काही गाड्यांमध्ये त्यांनी छोटे डबे बसवले होते. मूल शाळेत उतरलं, की व्हॅनचा डबा तसा निरोप तयार करायचा आणि जवळून जाणाऱ्या गाडीच्या डब्याला द्यायचा. ती गाडी तो पुढच्या गाडीला देणार. असं करत करत निरोप चौकातल्या ऑफिसच्या छतावर उतरायचा आणि तिथून पालकांच्या फोनवर. उशीर होऊ नये म्हणून बाबांनी नियम घातला होता, की निरोप नेहमी सगळ्यात वेगात असलेल्या गाडीने घ्यायचा. या नियमावर त्यांनी जेवताना दोनदा भाषण केलं होतं आणि दोन्ही वेळा चिमीने टाळ्या वाजवल्या होत्या.

चिमीच्या आईने नवऱ्याला फोन लावला.

"अरे, निरोप कुठाय?"

"वाटेत आहे."

"वाटेत म्हणजे कुणाकडे?"

"बहुतेक ब्रेडच्या गाडीकडे. त्या रस्त्याला तीच सगळ्यात जोरात असते."

"मग आली का नाही अजून?"

"पंक्चर आहे ती. गॅरेजमध्ये उभी आहे."

"म्हणजे माझी मुलगी पोहोचली की नाही हे एका पंक्चर गाडीला माहीत आहे, आणि मला नाही?"

"शाळेच्या लँडलाइनवर फोन लाव ना."

"लागेल कसा? सगळ्यांच्या आया तोच लावतायत! मी जाऊनच येते शाळेत."

"अगं बाई, नको! शाळेतल्या बाईंनी बजावलंय ना? पहिल्या दिवशी आई दिसली, की मूल परत वर्गात कध्धी बसत नाही."

हे खरं होतं. म्हणून ती शाळेत गेली नाही. ती गॅरेजकडे निघाली.

शेजारचे स्कूटरकाका फाटकाशी स्कूटर पुसत होते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते स्कूटर चालवत कमी आणि पुसत जास्त.

"बस मागे, सोडतो," ते म्हणाले. "फक्त सीटखालच्या डिकीला पाय लावू नकोस हं. तुझ्या नवऱ्याने काहीतरी नाजूक ठेवायला दिलंय."

ती हेल्मेट चढवत होती, त्यामुळे तिला फक्त "तुझ्या नवऱ्याने" एवढंच ऐकू आलं आणि ते आत्ता ऐकायची तिची इच्छा नव्हती.

"काका, जरा जोरात घ्या!"

काकांना आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि स्कूटर अशी सोडली, की चिमीची आई पहिल्या वळणावर डोळे मिटून बसली.

गॅरेजमध्ये ब्रेडवाला गाडीच्या डब्याकडे टक लावून बघत होता.

"ताई, कमाल आहे! आत्तापर्यंत हिरवा दिवा होता. हिरवा म्हणजे आत निरोप आहे. तुम्ही फाटकातून आत आलात नि विझला!"

"मग निरोप गेला कुठे?"

"आत्ता बंबाची गाडी गेली समोरून. तिनेच उचलला असेल."

बंबाची गाडी सराव करून नुकतीच अग्निशमन केंद्रात परतली होती. चिमीची आई धापा टाकत आत शिरली.

"कुठे लागलीय, मॅडम?" जवान टोपी घालत उठलाच.

"आग नाही हो! माझा निरोप आहे तुमच्या गाडीत."

जवानाने वाकून डब्यात पाहिलं. "होता खरा दिवा. तुम्ही दारात आलात तेव्हाच गेला. तुमच्यात काही आहे का, मॅडम?"

"माझ्यात फक्त संताप आहे," ती म्हणाली. "काका, चला ऑफिसला. आता निरोप नको. आता नवराच हवा मला."

काकांनी ऑफिसच्या फाटकातून स्कूटर आत घातली मात्र, चिमीच्या आईचा फोन वाजला. "आपले मूल शाळेत पोहोचले." त्याच क्षणी वर ऑफिसमध्ये टिंग टिंग टिंग सुरू झालं. सकाळभर पालकांच्या शिव्या खाल्लेले चिमीचे बाबा जिना उतरून धावत आले.

"आले! सगळ्या वर्गाचे निरोप आले! पण आणले कुणी?"

काकांनी डिकी उघडली. आत, फडक्यात नीट गुंडाळलेला एक डबा लुकलुकत होता.

"काका! तुमची स्कूटर शहरात सगळ्यात हळू, म्हणून चाचणीला दिला होता हा! तुम्हाला कुणी निरोप देणारच नाही, असा माझा हिशेब होता."

"आज ही मागे बसली होती ना," काका म्हणाले.

चिमीची आई डब्याकडे बघत राहिली. "म्हणजे सकाळभर मी ज्याच्या मागे लागले, त्याच्याच वर बसले होते?"

काकांनी हळूच डिकी लावून टाकली.

"अरे, धावणाऱ्याला कशाला देतोस निरोप?" ती नवऱ्याला म्हणाली. "इकडे येणाऱ्याला दे. मीच बघ ना, सकाळपासून धावतेय. पोहोचले का कुठे?"

बाबांनी तोंड उघडलं, मिटलं आणि खिशातलं पेन काढून ते तळहातावर लिहून घेतलं. तिचं बोलणं त्यांनी लिहून घेण्याची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, आहेस कुठे? पोरगी घरी आलीसुद्धा! पहिला दिवस अर्धाच असतो, विसरलीस? व्हॅनवाल्याने हात धरून दारात सोडली."

"रडली का हो, आई?"

"ती कशाला रडतेय! आल्यापासून तोंडाने व्हॅनचा हॉर्न वाजवून दाखवतेय. थांब, तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

फोनमध्ये जोराचा श्वास ऐकू आला. मग चिमीचा आवाज, अगदी मोठ्या माणसासारखा: "आई, तू पोचलीस की सांग हं. मी खिडकीत उभी आहे."

चिमीच्या आईला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. तिने सकाळपासून लिहून ठेवलेलं "हो" एकदा वाचलं आणि साहेबांना पाठवून दिलं.

तो निरोप मात्र लगेच पोहोचला.

मग तिने हेल्मेट घातलं. "काका, घरी चला. आणि सावकाश. परत कुणाचा निरोप अंगावर नको."