संयमाचा जलद वर्ग

थप्प. मोज्यांचा गोळा कपाटाच्या दारावर आदळला आणि मोठ्या मुश्किलीने जमवलेली दुपारची शांतता मोडली. पाळण्यातला धाकटा चुळबुळला, आईने श्वास रोखला. नऊ वर्षांची थोरली मात्र बॅट खांद्याशी धरून, गुडघे किंचित वाकवून, होती तशी उभी. तिने गोळा मारला नव्हता, कारण आईने तो वाईट टाकला होता.

संयम अंगी बाणायला फार वेळ लागतो, म्हणूनच तो लवकरात लवकर शिकवून संपवावा, याबाबत सर्व सुजाण पालकांचं एकमत आहे. बेसबॉलच्या मैदानावर हे काम ज्यांच्याकडे होतं, त्या प्रशिक्षकांना मुलं थांबासर म्हणत. सरांची पद्धत साधी. पहिला महिना, पाय कुठे ठेवायचे. दुसरा, बॅट कशी धरायची. तिसऱ्यात चेंडू एका उभ्या नळीवर ठेवायचा आणि तो हलत नसताना मारायचा. (यात चुकण्यासारखं काय आहे, असं विचारत एका बाबांनी बॅट घेतली. नळी नवीन आणावी लागली.) चौथ्या महिन्यात चेंडू खरोखर फेकला जाई, आणि तेव्हा सर सांगत, वाईट, म्हणजे बॅटच्या टप्प्याबाहेरचा, असेल तो सोडा. चार वाईट चेंडू सोडले की खेळाडू काही न मारता, चालत पहिल्या बेसवर जातो. नियमच आहे तसा.

काही न करता पुढे जाता येतं, हे पालकांना पचेना. रीतसर पालक-मंडळ स्थापन झालं. मंडळाने निवेदन दिलं की, संयमाला आमचा तत्त्वतः पाठिंबा आहे. मात्र तो नेमका किती आठवड्यांत येईल ते लेखी कळावं, आणि हुशार मुलांसाठी जलद वर्गाची सोय व्हावी. सोबत पाहणीचे आकडे जोडले होते: मुलं अकरा, पालक एकोणीस. पैकी जाळीला नाक लावून उभे सतरा, बसलेले दोन (एकाचा पाय मुरगळलेला). तासाभरात ‘थांब’ हा शब्द सरांकडून चाळीस वेळा, ‘मार’ हा पालकांकडून दोनशे दहा वेळा. सरांनी उत्तर पाठवलं, निवेदन मिळालं, विचार चालू आहे. तो पुढे तीन महिने चालू होता.

निवेदनावर तिसरी सही आईची होती. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी संघाच्या यादीत थोरलीचं नाव नव्हतं, तेव्हा पोरगी मैदानापासून घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, जेवतानाही नाही. ते गप्प बसणं आईला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून धाकटा झोपला की एका पायाने पाळणा आणि एका हाताने मोजे, असा सराव चाले. वीस मिनिटांत चौदा गोळे. थोरली त्यातले अकरा सोडी.

“अगं, एखादा तरी मार,” आई कुजबुजे.

“तू एखादा तरी चांगला टाक,” थोरली म्हणे.

निवडीच्या दिवशी संघात जागा एकच होती आणि प्रत्येकाला एकच पाळी. दहा मुलांनी जे येईल ते मारायला घेतलं. एकाने तर डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला उडी मारून बॅट लावायचा प्रयत्न केला, आणि त्याच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी थोरली आली. पहिला चेंडू वाईट, सोडला. दुसरा चांगला, पाय जागेवर, बॅट सरळ, फक्त चेंडू हुकला. तिसरा वाईट, सोडला. चौथा जमिनीलगत आला. सोडला. आईने जाळी इतकी करकचून धरली होती की बोटांवर चौकोन उमटले. पाचवा निघाला तेव्हा तिच्या तोंडून, धाकटा कडेवर दचकेल इतक्या मोठ्याने निघालं, “मार.”

(थोरलीने तो टोलवला का, हे बघायला ज्यांची नजर आधीच खालच्या ओळीवर उतरली असेल, त्यांनी पालक-मंडळाचं सभासदत्व मिळालंच असं समजावं.)

थोरलीने बॅट हलवलीही नाही. चेंडू हातभर बाहेरून गेला, वाईट चार झाले. तिने बॅट खाली ठेवली आणि चालत पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. सरांनी वहीत एक नाव लिहिलं आणि वही मिटली.

नाव थोरलीचं होतं. क्षणात मंडळ आईभोवती जमलं. नळीवाले बाबा म्हणाले, ताई, संस्कार दिसतात हो. कुणी विचारलं, घरी नेमकं काय करून घेता.

“काही नाही,” आई नम्रपणे म्हणाली. “घाई करायची नाही, एवढंच सांगत आले.”

तेवढ्यात थोरली धावत आली, आईच्या कमरेला बिलगली आणि मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात तिने विचारलं, “आई, तो बॉल वाईट होता हे तुला दिसलं नव्हतं, की दिसूनसुद्धा तू मार म्हणालीस?”